टेन्शन : एक शब्द, दोन संसार

रक्तदाब मोजून झाल्यावर डॉक्टरांच्या तोंडून ‘हायपरटेन्शन’ हा शब्द बाहेर पडला की, पुष्कळ घरांत एकच संवाद ऐकू येतो. घरी परतलेले गृहस्थ आश्चर्याने म्हणतात, “मला कसले आले आहे टेन्शन? मुलगी सुखाने नांदते आहे, मुलगा मिळवता झाला आहे, डोक्यावर कर्ज नाही.” गृहिणीलाही ते पटते. दोन-तीन महिने गोळ्या घेतल्या जातात. मग प्रकृती उत्तम आणि मन शांत आहे असे पाहून त्या आपोआप बंद होतात. ह्या प्रकारात औषधाचा दोष नसतो, आणि माणसाच्या बुद्धीचाही नसतो. दोष असतो तो एका शब्दाच्या समजुतीचा. हा शब्द दोन घरी नांदतो, एक शरीराचे व दुसरे मनाचे. आणि एका घरचा निरोप दुसऱ्या घरी गेला म्हणजे असा घोटाळा होतो.

ह्या शब्दाचे कुळ पाहू गेल्यास ते परके नाही. लॅटिन भाषेत ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. त्यापासून ‘टेन्शन’ निघाला व सोळाव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. संस्कृतातील ‘तन्’ हा धातू ह्याच लॅटिन शब्दाचा सख्खा भाऊ होय. ‘तन्तु’ म्हणजे ताणलेला धागा, ‘संतान’ म्हणजे पुढे ताणत गेलेला वंश, आणि गवई घेतो ती ‘तान’ही ह्याच गोत्रातील. इंग्रजीत तंबूला ‘टेन्ट’ म्हणतात, कारण तो ताणून उभारलेला असतो. आणि कवाइतीच्या मैदानावर दुमदुमणारा ‘अटेन्शन’ म्हणजे मूळ अर्थाने मन एखाद्या वस्तूकडे ताणून धरणे. तेव्हा शरीराकडून मनाकडे जाणारी वाट ह्या धातूला प्रथमपासूनच ठाऊक होती. मराठीतील ‘ताण’ही दोरीला पडतो तसा जिवालाही पडतो.

पदार्थविज्ञानाने मात्र ह्या शब्दाला शिस्त लावली, आणि ती लावताना तेथेही थोडा गोंधळ झालाच. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1676 साली आपला एक शोध चौदा अक्षरांच्या कोड्यात लपवून प्रसिद्ध केला, व 1678 साली त्याचे उत्तर लॅटिनमध्ये दिले. त्याचा आशय असा की, जितके ताणले जाणे, तितके बल. येथे ‘टेन्सिओ’ हा शब्द हूकने वापरला तो लांबी वाढण्याच्या अर्थाने, ओढणाऱ्या बलाच्या अर्थाने नव्हे. आज पदार्थविज्ञानात ‘टेन्शन’ म्हणजे नेमके ते ओढणारे बल! कारणाचे नाव कार्याला व कार्याचे नाव कारणाला, अशी अदलाबदल ह्या शब्दाच्या नशिबी वारंवार आलेली दिसते.

हूकचा नियम एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. एक मीटर लांब व एक चौरस मिलीमीटर छेदाची पोलादी तार छताला बांधून तिला 10 किलो वजन टांगले, तर ती सुमारे अर्धा मिलीमीटर लांबते. वजन काढताच पूर्ववत होते. वजन दुप्पट केले तर लांबणेही दुप्पट. परंतु ह्याला मर्यादा आहे. साधे मऊ पोलाद असेल, तर सुमारे 25 किलोच्या पुढे तार कायमची लांबते व वजन काढले तरी मूळ पदावर येत नाही. ह्याहून विलक्षण गोष्ट एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांच्या आसांनी शिकविली. एका वेळच्या भाराने मुळीच न मोडणारा आस तोच भार लक्षावधी वेळा आलटून-पालटून पडल्याने अचानक तुटतो. ऑगस्ट व्होलर ह्या जर्मन अभियंत्याने ह्याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि अभियंते ह्या प्रकाराला ‘धातूचा थकवा’ म्हणू लागले. म्हणजे मनाचे शब्द धातूलाही उसने मिळाले.

ताण म्हणजे संकटच, असे मात्र समजू नये. मिरजेचा तंबोरा पाहावा. तारेला ताण नसेल तर तिच्यातून सूर निघत नाही. तीच तार एक सप्तक वर चढवावयाची तर तिचा ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. म्हणूनच खर्जाची तार जाड व जोडाच्या तारा बारीक ठेवतात, आणि सर्वांवर मानवेल इतकाच ताण येऊ देतात. मनाच्या बाबतीतही असेच काहीसे आढळते. 1908 साली यर्क्स व डॉडसन ह्या अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे सौम्य व तीव्र झटके देऊन योग्य पेटी ओळखण्यास शिकविले. निवड अवघड असली म्हणजे अतिसौम्य झटका निरुपयोगी ठरे, अतितीव्र झटका शिकण्यास बाधक होई, आणि मध्यम झटक्याने काम सर्वांत लवकर होई. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही.

मनाच्या ताणाचा शरीराशी संबंध काय, हा प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगशाळेत आला. वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 सालच्या ग्रंथात दाखवून दिले की, भय किंवा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडावरील ग्रंथी रक्तात एक द्रव्य सोडतात. हृदय वेगाने चालते, स्नायूंकडे अधिक रक्त जाते व पचन मंदावते. ही लढण्याची वा पळण्याची सिद्धता होय. पुढे 1936 साली माँट्रिअल येथे हान्स सेल्ये ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की, उपद्रव थंडीचा असो, विषाचा असो वा अतिश्रमाचा असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकसारखाच असतो. प्रथम धोक्याची जाणीव, मग प्रतिकार, आणि उपद्रव थांबलाच नाही तर अखेर क्षीणता. त्यांनी ह्याला ‘स्ट्रेस’ हे अभियंत्यांचे नाव दिले. अभियंत्यांच्या परिभाषेत ‘स्ट्रेस’ हे कारण व ‘स्ट्रेन’ हा परिणाम. सेल्ये ह्यांना सांगावयाचा होता परिणाम. इंग्रजी आपली मातृभाषा नसल्याने निवड चुकली, हे त्यांनी पुढे मान्य केले. पण तोवर शब्द जगभर झाला होता. हूकच्या वेळची अदलाबदल पुन्हा एकदा झाली.

धातूचे रूपक माणसाला एका मर्यादेपर्यंतच लागू पडते. तारेला झालेली इजा विश्रांतीने भरून येत नाही. स्नायू व हाडे मात्र योग्य भाराने बळकट होतात, अट एवढीच की मध्ये विसावा मिळाला पाहिजे. शिवाय मनाचा ताण स्नायूंत खरोखरच उतरतो. चिंताग्रस्त माणसाच्या मानेला, खांद्याला व जबड्याला हात लावून पाहावा. एडमंड जेकबसन ह्या वैद्याने 1929 साली प्रसिद्ध केलेली स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची पद्धती ह्याच निरीक्षणावर उभी आहे.

आता आरंभीच्या गृहस्थांकडे वळावे. वैद्यकात ‘टेन्शन’ ह्या शब्दाला एक तिसराच जुना अर्थ आहे, तो म्हणजे दाब. डोळ्याच्या आतील दाबाला डॉक्टर ‘टेन्शन’ म्हणतात. रक्तातील प्राणवायूच्या दाबालाही म्हणतात. फ्रेंच भाषेत तर रक्तदाब व विजेचा दाब, दोहोंसाठी हाच शब्द चालतो. आणि विजेच्या खांबावर ‘हाय टेन्शन’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ तारांना काळजी लागली आहे असा कोणी करीत नाही. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे धमन्यांतील रक्ताचा दाब वाढलेला असणे, इतकेच. दवाखान्यात तो वरचा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून अधिक असा पुनःपुन्हा आढळला, तर सामान्यतः तो वाढलेला मानतात.

चिंतेने हा दाब काही वेळ वाढतो, हे खरे. म्हणूनच तो मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. परंतु उलट सिद्धान्त खरा नव्हे. मन शांत म्हणून दाब योग्य, असे अनुमान काढता येत नाही. वय, आनुवंशिकता, आहारातील मीठ, शरीराचे वजन, मद्यपान, मूत्रपिंडांची स्थिती अशी अनेक कारणे त्यामागे असतात, आणि ती मनाला विचारून काम करीत नाहीत. वाढलेला दाब बहुधा कोणतेच दुखणे जाणवू देत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने हृदय, मेंदू व मूत्रपिंड ह्यांची हानी करीत राहतो. आगगाडीचा आस बाहेरून चकचकीत दिसत असतानाच आतून चिरत जातो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ हा घरोघरचा प्रेमळ उपदेश मनासाठी जरूर ऐकावा. तो औषधाच्या ठिकाणी मात्र घेऊ नये. मन स्वस्थ आहे की नाही, हे ज्याचे त्याला कळते. धमनीतील दाब किती आहे, हे दंडाला पट्टा बांधल्यावाचून कोणालाच कळत नाही. गोळी कमी करावी की बंद करावी, हे त्या पट्ट्याच्या आकड्यावरून डॉक्टरांनी ठरवावे. शब्दाच्या अर्थावरून घरच्या माणसांनी ठरवू नये.