जुना संगणक, घरचा संगीत-सर्व्हर आणि भलत्यावरच आळ

अडगळीतला संगणक पुसून घ्यायचा, घरातली सगळी गाणी त्यावर भरायची, लिरियन म्युझिक सर्व्हर किंवा नॅव्हिड्रोमसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चढवायचं आणि बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत कुठेही हवं ते ऐकायचं. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मग सर्व्हर मधूनच गायब होऊ लागतो, ख्याल ऐन रंगात येतो तेव्हाच तुटतो, आणि घरातला प्रत्येक जण निदान सांगू लागतो. ही निदानं बहुतेक ठरलेली असतात आणि बहुतेक वेळा चुकतात.

पहिलं निदान: ‘मशीन म्हातारं झालं, त्याला झेपत नाही.’ सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला आवाज म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅक फाइलमध्ये तो आणखी आटतो. एवढा डेटा डिस्कवरून उचलून नेटवर्कवर सोडणं पंधरा वर्षांपूर्वीच्या ड्युअल-कोर प्रोसेसरच्याही खिजगणतीत नसतं. लिरियनची मुळं स्लिम डिव्हाइसेस या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तिचा पहिला प्लेअर २००१ मधला. पुढे २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली, २०१२ मध्ये तिचे स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेअर बंद केले, पण ओपन सोर्स असल्यामुळे सॉफ्टवेअर तगलं आणि २०२४ पासून लिरियन या नावाने चालू आहे. म्हणजे ज्या संगणकांवर ते लहानाचं मोठं झालं, ते तुमच्या ‘म्हाताऱ्या’पेक्षा कितीतरी दुबळे होते.

जोर लागतो तो स्कॅनिंगला. सर्व्हर हजारो फाइली उघडून टॅग वाचतो, मुखपृष्ठांची छोटी चित्रं तयार करतो. ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ फाइलमध्ये जेमतेम एक-दोन एमबीचं दिसतं, पण मेमरीत उलगडलं की साधारण २७ एमबी होतं. एक जीबी रॅमच्या यंत्राला घाम फुटतो तो इथे. त्यामुळे ‘सर्व्हर केव्हाही कोसळतो’ ही तक्रारही तपासून घ्यावी. लिरियनमध्ये स्कॅनर हा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि त्याची वेगळी लॉग फाइल असते. सेटिंगमधून लॉगची पातळी वाढवून ठेवा आणि दोन-तीनदा कोसळल्यावर शेवटच्या ओळी ताडून बघा. प्रत्येक वेळी त्याच अल्बमपाशी गाडी अडत असेल, तर ती फाइल बिघडलेली आहे किंवा ती जिथे आहे तो डिस्कचा भाग. फाइल बाजूला काढा आणि पुन्हा स्कॅन करा.

‘काढून पुन्हा टाका’ हा सल्ला लोकप्रिय आहे, कारण त्यात डोकं लागत नाही. पण सॉफ्टवेअर काढलं तरी सेटिंग आणि डेटाबेसचे फोल्डर बहुधा जागच्या जागी राहतात. नवं सॉफ्टवेअर येतं आणि तोच खराब डेटाबेस उघडतं. खरा उपाय तो डेटाबेस काढणं, आणि नेमकी त्याचीच भीती वाटते: गाणी गेली तर? गाणी त्यात नसतातच. तो फक्त ग्रंथालयातल्या सूचीसारखा आहे. सूची फाडली तरी पुस्तकं कपाटात राहतात. लिरियनमध्ये सर्व्हर बंद करून कॅशे फोल्डरमधली ‘लायब्ररी’ नावाची डीबी फाइल हलवा, पुन्हा सुरू करून स्कॅन करा, सूची नव्याने तयार होते. शेजारच्या ‘पर्सिस्ट’ फाइलला मात्र हात लावू नका. कोणतं गाणं किती वेळा वाजलं याचा हिशेब तिच्यात असतो.

‘मराठी गाणी दिसत नाहीत, म्हणजे डेटाबेस करप्ट.’ हा खास आपल्याकडचा गैरसमज. युनिकोड रुळण्याआधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं आज रोमन अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात. सर्व्हर बिचारा जे लिहिलंय तेच दाखवतो. एमपीथ्रीच्या सर्वांत जुन्या टॅगमध्ये तर नावाला ३० बाइटच जागा असते, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. लिनक्सवर आणखी एक गोम आहे: सर्व्हरची लोकेल, म्हणजे भाषा-लिपीचं सेटिंग, यूटीएफ-८ नसेल, तर देवनागरी नावाच्या फाइली स्कॅनर वगळू शकतो. टॅग एकदा नीट करून घ्या. भीमसेन जोशी चार स्पेलिंगांत लिहिले असतील, तर चार वेगळे गायक दिसणारच.

रात्री किंवा दुपारभर न वापरल्यावर सर्व्हर ‘मरतो’, तेव्हा तो बहुधा झोपलेला असतो. संगणकाचा स्लीप आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कची वीजबचत बंद करा. तो नेटवर्कवर हरवू नये म्हणून राउटरमधून सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्या. वीज गेल्यावर इंटरनेट रेडिओ रुसत असेल, तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं संगणकाला खोटी वाटतात. स्वस्तातली एक बॅटरी, पण तिच्यापायी अख्खी सिस्टिम बदललेले लोक आहेत.

जुन्या यंत्रात खरोखर थकतात ते डिस्क, पॉवर सप्लाय आणि पंखा. डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर दिसला, तर बाकी सगळं सोडून आधी गाण्यांची दुसरी प्रत काढा. सिस्टिम आणि डेटाबेससाठी छोटी एसएसडी बसवलीत तर जितका फरक पडेल, तितका प्रोसेसर बदलून पडणार नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

जुना डेस्कटॉप निवृत्त करायचं खरं कारण त्याचा वेग नाहीच. तो ७० वॅट खात असेल आणि चोवीस तास चालू असेल, तर महिन्याला ५० युनिट वीज लागते. हेच काम पाच वॅटचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक चार युनिटांच्या आत करतो.