विष्णुपुरीच्या धुळीचे पंचांग

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गोदावरीच्या काठी विष्णुपुरी वसली आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या तिन्ही संस्था याच परिसरात आहेत. जेथे मराठवाड्याची तरुण पिढी शिकते आणि गोरगरीब रुग्ण उपचारासाठी येतात, तेथील हवेचा प्रश्न किरकोळ मानून चालणार नाही.

रस्त्यावरील प्रदूषण म्हटले की मालमोटारीचा काळा धूर आठवतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत-६ मानके लागू झाली आणि त्या धुराला काहीसा लगाम बसला. परंतु टायर व ब्रेक झिजतात, कच्च्या कडांवरील माती प्रत्येक चाकाबरोबर उडते. इंजिन कितीही सुधारले, तरी या धुळीला त्याने आळा बसावयाचा नाही. विजेवरील मोटारीही ती उडवितातच.

शिवाय या धुळीलाही आपले पंचांग आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते. आणि वाहनांचा धूर, शेकोट्या व जळणारा पालापाचोळा यांचे सूक्ष्म कण पहाटेपर्यंत तेथेच रेंगाळतात. उन्हाळ्यात हवा उंच चढून हे कण पांगतात, परंतु उघड्या पडलेल्या काळ्या रानांची भरड माती वावटळीबरोबर उठते. पावसाळा हवा धुऊन काढतो खरा. पण रस्त्यावर वाहून आलेला चिखल उघडीप मिळताच पुन्हा धूळ होतो.

यांतील २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण सर्वांत घातक. ते फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात व हृदयविकारासही हातभार लावतात. त्यांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती अवघी ५ सुचविली.

रोग ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर औषध बारमाही एकच कसे चालेल? हिवाळ्यात उघड्यावरील जाळणे थांबवावे. उन्हाळ्यात वाळू-खडीच्या गाड्या झाकाव्यात, बांधकामांवर पाणी शिंपडावे. पाऊस सरताच साचलेली माती उचलावी आणि रस्त्याच्या कडा पक्क्या कराव्यात. या सर्वांआधी महामार्गालगत व तेथून आत काही अंतरावर वर्षभर मोजमाप करून ते आकडे लोकांसमोर मांडावेत. त्यासाठी लागणारे शास्त्रज्ञ, अभियंते व वैद्य विष्णुपुरीत एकमेकांच्या शेजारीच आहेत.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूरचा समावेश झाला. त्याच रस्त्याच्या या टोकाने आपल्या नावाची वाट पाहत बसू नये. वारा सरकारी यादी वाचून वाहत नाही, आणि रुग्णालयातील श्वासाला मुदतवाढ मिळत नाही, याचे भान नांदेडच्या कारभाऱ्यांनी येत्या हिवाळ्यापूर्वी ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.