‘सिनिकल’ या विशेषणाचा अर्थ व विनियोग

इंग्रजीतील ‘सिनिकल’ या विशेषणाचा अनुवाद कोणी ‘संशयी’, कोणी ‘तुसडा’, तर कोणी ‘कुत्सित’ असा करतात. यांपैकी एकही शब्द मूळ अर्थास पुरा पडत नाही. तुसडेपणा वागण्यात असतो, कुत्सितपणा बोलण्यात; ‘सिनिकल’ वृत्तीचे मर्म तिच्या गृहीतकात आहे. प्रत्येक सत्कृत्यामागे स्वार्थच असतो, हा निर्णय तिने पुरावा पाहण्यापूर्वीच दिलेला असतो.

‘स्केप्टिकल’ हे विशेषण याहून निराळे होय. त्याचे मूळ ‘निरखून पाहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. ‘सिनिकल’चे मूळ कुत्रा या अर्थाच्या ग्रीक शब्दात असून, संस्कृतातील ‘श्वन्’ त्याचाच सगोत्र होय. डायोजेनीसच्या पंथास हे नाव पडले. तो पंथ लोकरूढींचा तिरस्कार करी. त्यातूनच आजचा अर्थ उत्क्रांत झाला.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. संयुक्त महाराष्ट्राविषयी वऱ्हाडात जो अविश्वास होता, त्यास कोणते विशेषण लावावयाचे? ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी प्रभृतींनी मान्य केलेल्या त्या करारात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले होते. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नागपुरास विधिमंडळाचे अधिवेशन ही आश्वासने आली. ज्याची सर्वांच्या हेतूंविषयी खात्रीच उडाली आहे, तो अटी लिहून घेण्याच्या खटपटीत पडत नाही. अटी मागणारा अविश्वास ‘स्केप्टिकल’ होय. त्यास ‘सिनिकल’ म्हणणे म्हणजे मागणी न ऐकताच मागणाऱ्यास दोषी ठरविणे होय.

उपप्रांतांची योजना पुढे अमलात आली नाही. तेव्हा ‘करार कागदावरच राहावयाचे’ असे कोणी म्हटल्यास ते ‘सिनिकल’ ठरते काय? येथे कसोटी एकच: कोणता पुरावा मिळाल्यास आपण मत बदलाल, असे त्यास विचारावे. उत्तर मिळाले, तर ते अनुभवजन्य अनुमान. न मिळाले, तर ‘सिनिकल’ वृत्ती.

म्हणून ‘स्केप्टिकल’साठी ‘साशंक’ किंवा ‘चिकित्सक’, आणि ‘सिनिकल’साठी ‘दोषैकदृष्टी’च्या धर्तीवर ‘स्वार्थैकदृष्टी’ असे प्रतिशब्द योजावेत, असे सुचवावेसे वाटते. शब्द अवजड असला, तरी तो अन्याय करीत नाही.