रानातला डबा

बाई घराबाहेर पडायला निघाली की 'कुठे निघालीस?' हा प्रश्न दारातच उभा असतो आणि त्याचं उत्तर तयार लागतं. भाजीला, दळण टाकायला, सासूबाईंची औषधं आणायला, पालक सभेला, देवळात, हळदीकुंकवाला... हातात पिशवी असली की अर्धं उत्तर आपोआप मिळतं. बचत गटांच्या कामासाठी गेली पंधरा-सोळा वर्षं मी तालुक्यातल्या गावागावांतून हिंडते. पण 'मैत्रिणींबरोबर जरा रानात जाऊन येते, गंमत म्हणून' असं घरी सांगून निघालेली बाई मला कधी भेटली नव्हती. तशा रानात बायका जातातच की! सरपणाला जातात, शेळ्यांमागे जातात, करवंदं गोळा करायला जातात. पण ते झालं काम. खेळायला कोण जातं?

खेळायला जाणाऱ्या बायका मला भेटल्या त्या थेट अमेरिकेत, आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच!

२०२३च्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे तीन महिने राहायला गेले होते. सिएटल शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतल्या उपनगरात ती राहते. पोहोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, उद्या गुरुवार. सकाळी मुलं शाळेत गेली की आपल्याला जिओकॅशिंगला जायचंय." कॅश म्हटल्यावर मला पैसेच आठवले! पण ही कॅश वेगळी. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. कुणीतरी रानात, बागेत किंवा पुलाखाली एक डबा लपवून ठेवतं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतं. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा परत ठेवायचा. बस्स! बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही.

या खेळाची जन्मतारीखही नक्की ठाऊक आहे. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी सरकारचे. पूर्वी सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही चूक मिसळणं बंद झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि चक्क शिजवलेल्या घेवड्याचा डबा! तिचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर टाकले आणि काही दिवसांतच माइक टीग या माणसाने ती शोधून वहीत पहिली नोंद केली. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. खायची वस्तू मात्र आता कुणी ठेवायची नसते, कारण वासाने जनावरं डबा फोडतात.

याची आजी म्हणावी अशी एक रीत इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर होती. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोहोचणारे आपलं कार्ड तिच्यात टाकून येत. म्हणजे 'मी इथवर आलो होतो' हे कुठेतरी लिहून ठेवावं, ही माणसाची हौस तशी जुनीच!

आमच्या गुरुवारच्या गटात पाच जणी होत्या. माझी बहीण, एक नागपूरची, एक सोलापूरची, एक हैदराबादची आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका. या बाईंनीच बाकीच्यांना खेळ शिकवला होता. सहावी मी. पायात बूट, पाठीला सॅक, सॅकमध्ये पाणी, शिट्टी, रेनकोट, ठेपले. शिवाय प्रत्येकीकडे एक रिकामी पिशवी! म्हटलं, रानात कसली भाजी आणायची आहे? तर ती कचऱ्यासाठी. येताना वाटेतल्या बाटल्या, कागद उचलून आणायचे, अशी मोहीमच या खेळात २००२पासून चालू आहे.

आम्ही कूगर माउंटनच्या रानात जायचो. कूगर म्हणजे तिकडचा बिबट्यासारखा प्राणी. एके काळी इथे कोळशाच्या खाणी होत्या, त्या १९६३पर्यंत चालू होत्या. आता तिथे डग्लस फर, हेमलॉक, सीडर अशी मान दुखेस्तोवर वर बघायला लावणारी झाडं आहेत. मेपलच्या फांद्यांवर हाताएवढं जाड शेवाळ, खाली कंबरेएवढे नेचे, वाटेवर वीतभर लांबीच्या पिवळ्या गोगलगाई. काळी अस्वलंही आहेत म्हणे. म्हणून एकटीने जायचं नाही आणि मोठ्याने बोलत चालायचं. हा दुसरा नियम आम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नाही! एका काटेरी जाळीचं नाव तिकडे 'हिमालयन ब्लॅकबेरी' आहे. खरं तर ही बाहेरून आलेली, तिथे माजलेली झाडी. पण ऑगस्टमध्ये तिला काळीभोर फळं लागली, तेव्हा मला आपल्या करवंदांच्या जाळ्यांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

फोनवरचा बाण दिशा दाखवतो आणि अंतर कमी कमी होत जातं. तीनशे मीटर, शंभर, वीस... आणि मग बाण वेड्यासारखा फिरायला लागतो. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे पाच-दहा मीटरचा फरक पडतोच. शेजारच्या बाई म्हणायच्या, "आता फोन खिशात आणि डोळे उघडे." मग पडलेल्या ओंडक्याच्या पोकळीत, दगडांच्या फटीत, मुळांच्या बेचक्यात हात घालायचे. घालण्याआधी काठीने चाचपायचं. डबा जमिनीत पुरायचा नाही आणि झाडाला खिळा मारायचा नाही, असा नियम असल्यामुळे उकरायची मात्र गरज नसते.

पहिला डबा सापडला तो सोलापूरच्या मैत्रिणीला. हिरव्या रंगाचा, घट्ट झाकणाचा, आपल्या लोणच्याच्या डब्याएवढा. आत काय? एक गोटी, प्लॅस्टिकचा डायनासोर, दोन बटणं, कॅनडाचं नाणं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. एवढ्यासाठी आम्ही दीड तास चढलो होतो! पण ओरडलो अशा, की जणू मोहरांचा हंडा सापडला. आतली वस्तू घेतली तर त्याच तोलामोलाची दुसरी ठेवायची, ही इथली रीत. मला ती फार ओळखीची वाटली. शेजारणीचं भांडं आपण कुठे रिकामं परत पाठवतो? बहिणीने गोटी घेतली आणि सावंतवाडीचा एक छोटा लाकडी भोवरा ठेवला.

सापडलं नाही, तर तेही लिहायचं असतं. 'शोधलं, मिळालं नाही.' त्यात लाज नाही. उलट तीन-चार जणांनी तसं लिहिलं, की डबा लपवणारा येऊन बघतो, डबा हरवला तर नाही ना. एकदा पावसात तीन तास हिंडून आम्ही रिकाम्या हाताने परतलो आणि पाचही जणींनी हसत हसत तसं नोंदवलं. मला नवल वाटलं. आपल्याकडे बाईने केलेल्या कामातून काही निघालं नाही, तर तिला किती दिवस ऐकावं लागतं!

आता थोडं या मैत्रिणींविषयी. माझी बहीण इकडे ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची. २०१६ साली नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर गेली. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या बायकोचा हा व्हिसा. २०१५च्या नियमाने यातल्या काही जणींना नोकरीची परवानगी मिळू लागली, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय नाही. म्हणजे शिकलेली, कमावती बाई एकदम घरात. बँकेत नाव नवऱ्याचं, गाडी नवऱ्याची, ओळखी नवऱ्याच्या. "ताई, पहिली दोन वर्षं मी खिडकीतून ती झाडं नुसती बघायचे," ती एका संध्याकाळी भांडी लावता लावता म्हणाली. "सगळे म्हणायचे, किती छान, किती हिरवंगार! मला मात्र ती झाडं अंगावर यायची. कारण त्यांच्यात मला कुठे जायचंच नव्हतं." फोनवर आम्हाला ती नेहमी हसरीच दिसायची. आम्हीही 'मजा आहे बाई तुझी' म्हणून फोन ठेवायचो.

नागपूरच्या मैत्रिणीची गोष्ट तिसरीच. ती जन्मभर 'मला दिशा कळत नाहीत' असं सांगत आलेली. माहेरी भाऊ सोडायचा-आणायचा, सासरी नवरा. गाडी शिकायचा विषय निघाला, की घरातले हसायचे. शेजारच्या बाईंनी तिच्या हातात मुद्दाम नकाशा आणि कंपास दिला. अक्षांश-रेखांश शाळेत पाठ केले होते ते पेपरापुरते. आता तिला कळलं, की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर आणि त्याच्या हजाराव्या भागाचा आकडा बदलला, तर पायाखालची जागा जेमतेम दोन मीटर सरकते. ती हे सगळं एका वहीत लिहायला लागली.

जूनमध्ये एका गुरुवारी शेजारच्या बाई आल्या नव्हत्या. डबा सापडला, पण परतताना वाटेवर झाड आडवं पडलेलं. वळसा घातला तर पुढे तीन वाटा फुटलेल्या, वर भुरभुर पाऊस. बहिणीच्या फोनची बॅटरी संपली, बाकीच्यांच्या फोनला नेटवर्क नाही. जो तो वेगळी वाट दाखवू लागला. तेव्हा नागपूरच्या मैत्रिणीने वही काढली. गाडी जिथे उभी केली होती तिथले आकडे तिने निघतानाच टिपून ठेवले होते. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहाशी बांधलेलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. तिने आपल्या फोनवर जागा पाहिली, कागदी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "डावीकडे. माझ्या मागे या." चाळीस मिनिटांत आम्ही गाडीपाशी होतो. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं म्हणे, "तू? नकाशा?" तिने उत्तर दिलं नाही. महिनाअखेरीला मात्र शिकाऊ परवाना काढून आणला.

खेळाने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. बहीण अजून नोकरीच्या परवानगीची वाट बघते आहे. पण ते रान आता तिचं झालंय. कुठल्या वाटेवर कुठला ओढा, हे ती मला आपल्या गल्लीसारखं सांगते.

परत आल्यावर मी इंटरनेटवर शोधलं. पुण्या-मुंबईकडे काही डबे आहेत, पण आमच्या तालुक्यात एकही दिसला नाही. मग ठरवलं, नसेना का, आपण आपला ठेवू. २०२४च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, एका गावच्या गायरानातल्या टेकडीवर ग्रामपंचायतीला विचारून आम्ही स्टीलचा डबा लपवला. आत वही, पेन, टिकल्यांची पाकिटं, भाजीचं बी. एकवीस जणी, चार गट, प्रत्येक गटाकडे एक स्मार्टफोन. आधी तासभर मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश कसे बघायचे ते शिकलो. एक जण येऊ शकली नाही. 'डोंगरावर तुझं काय काम?' असं घरून विचारलं गेलं आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. आली त्यातली एक साठीची बाई डबा सापडल्यावर वरच बसून राहिली. म्हणाली, "या टेकडीवर सरपणाला येते त्याला चाळीस वर्षं झाली बघा. पण वरून गाव कसं दिसतं ते आज बघितलं. मोळी डोक्यावर असली की मान वर होत नाही."

मैत्रिणींनो, तुम्हालाही हे करता येईल. चौघी-पाच जणी जमा, एकटीने जाऊ नका. जागा ज्याची असेल त्याला विचारा. देवराई असेल तर गावकऱ्यांना विचारा आणि पानालाही हात लावू नका. अभयारण्यात डबा ठेवूच नका. अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून ठेवता येत नाही. तिथे २००४पासून 'अर्थकॅश' नावाचा प्रकार खेळतात. त्यात डबा नसतोच. ठरलेल्या जागी जाऊन खडक, माती, पाणी बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं शोधायची. किल्ल्यावर किंवा नदीकाठी हे सहज जमेल. निघण्याआधी घरी वेळ सांगा, पाणी आणि शिट्टी जवळ ठेवा आणि निघाल्या जागेचे आकडे आधी वहीत टिपा.

आमच्या गावी पुढच्या खेपेला डबा लपवण्याची पाळी दुसऱ्या गटाची आहे. जागा कुठली, ते त्यांनी अजून मलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी न आलेल्या बाईला मात्र त्यांनी लपवणाऱ्यांतच घेतलं आहे. आता तिच्याकडे उत्तर आहे : "माझी पाळी आहे."