ठासणीची बंदूक: समज, गैरसमज आणि शिकण्याची रीत

१८५७ च्या काडतुसांची हकिगत शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. पण काडतूस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पितळी नळकांडं येतं आणि ते बंदुकीच्या मागच्या बाजूने भरलं जात असावं असं वाटतं. प्रत्यक्षात १८५३ च्या बनावटीची ती एनफिल्ड रायफल ठासणीची होती आणि काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. पुडीत एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने टोक दातांनी फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची आणि मग कागदात गुंडाळलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासायची. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात आणि चार-दोन बार झाले की त्यांत काजळी साचते. कागदासह गोळी तिथून सुरळीत उतरावी म्हणून त्यावर चरबी. त्या चरबीच्या मुळाशी ठासणीच्या बंदुकीची एक साधी अडचण होती, हे क्वचितच सांगितलं जातं.

ही बंदूक आजही हौसेने चालवली जाते. अमेरिकेत १९३३ साली नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी तिचं मैदान आहे आणि तिथे दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरतात. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९५२ पासून आहे, आणि जागतिक स्पर्धाही होतात. तिकडे राहणारं कुणी मराठी माणूस या छंदाकडे वळलं, तर त्याने काही समजुती घरीच ठेवून जावं.

पहिली समजूत अशी की जुन्या पद्धतीची बंदूक म्हणजे शोभेची वस्तू, तिने फारशी इजा होत नाही. अर्धा इंच व्यासाच्या रायफलची शिशाची गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते आणि सेकंदाला साधारण साडेचारशे ते साडेपाचशे मीटर वेगाने सुटते. हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेत ती आजही वापरतात. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दुसरी समजूत, तिचा नेम लागत नाही. याचं मूळ गुळगुळीत नळीच्या फौजी मस्केटमध्ये आहे. ‘ब्राऊन बेस’ या प्रसिद्ध ब्रिटिश मस्केटची नळी पाऊण इंचाची आणि गोळी तिच्यापेक्षा साधारण दीड मिलिमीटरने लहान. पटकन भरता यावी म्हणून मुद्दाम ठेवलेली ही ढिलाई. गोळी नळीत आपटत बाहेर पडायची आणि नेम बेभरवशाचा व्हायचा. पण अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफलींची गोष्ट वेगळी होती. त्यांत गोळी तेल-चरबी लावलेल्या सुती चिंधीत बसवून ठासत. चिंधी खाचांना घट्ट धरते, गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत याच तंत्राने पन्नास आणि शंभर मीटरवर नेम धरला जातो. दोन वेगळ्या हत्यारांना एकाच मापाने मोजल्यामुळे हा गैरसमज टिकून राहिला आहे.

सर्वांत घातक गैरसमज दारूविषयी आहेत. ‘दारू ती दारू’ असं कुणी म्हणालं, तर त्याला मैदानावर उभं करू नये. ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठी किंवा तिच्या जागी खास बनवलेल्या पर्यायी दारूसाठी घडवलेली असते. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू दिसायला सारखी वाटली, तरी ती तिथे भरली तर दाब कैक पटींनी वाढून नळी फाटू शकते. जास्त दारू घातली की बार जास्त जोरात, हेही खरं नाही. एका मर्यादेनंतर वेग नावापुरता वाढतो, धक्का आणि धूर मात्र वाढत जातो, नेम बिघडतो. बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा हीच मर्यादा.

गोळी दारूवर घट्ट टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहता कामा नये. नाहीतर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून जाणते लोक गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो आणि भरलेल्या नळीत कुठपर्यंत. बंदूक आधीच भरलेली तर नाही ना, हेही त्याच खुणेवरून कळतं. दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतणं चित्रपटांत छान दिसतं. पण आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल, तर हातातलं अख्खं शिंग पेटतं. दारू आधी वेगळ्या मापात घ्यायची, मग नळीत.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर ‘नाही पेटली’ म्हणून बंदूक खाली घेण्याची चूक नवखा हमखास करतो. आत आग धुमसत असू शकते. नळी निशाणाकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबायचं असतं.

पाण्याची भीतीही निराधार आहे. लोखंडाला पाणी लावू नये म्हणून काहीजण नुसत्या तेलाने नळी पुसतात आणि महिन्याभरात आत गंज पाहतात. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्षार आणि काजळीच्या रूपात घन अवस्थेतच उरतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि मगच तेलाचा हात फिरवायचा.

हे सगळं पुस्तकांत आहे, व्हिडिओंतही आहे. तरीही शिकायचं ते माणसांकडून, असं माझं ठाम मत आहे. गोळी तळाशी टेकल्यावर गज हाताला कसा लागतो, चकमकीचा दगड किती घट्ट आवळायचा, नळीच्या कानाजवळ, म्हणजे पेट देण्याच्या भोकाजवळ, रंजक (पेट देणारी बारीक दारू) किती कमी पुरते, हे शेजारी उभं राहून कुणी दाखवल्याशिवाय उमगत नाही. हौशी मंडळींच्या क्लबांत जुने सभासद आपली बंदूक नवख्याच्या हातात देतात आणि प्रत्येक पायरीला थांबवतात. बंदूक विकत घेण्याआधी तिथे जावं. पहिल्याच खरेदीत होणाऱ्या बऱ्याच चुका टळतात.

राहिला कायदा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बहुतेक बंदुका नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येत येत नाहीत, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. हे ऐकून भारतातही परवाना लागत नसेल असं कुणी धरून चालू नये. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे इथे चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. कोकणातले शेतकरी रानडुकरांपासून पीक राखायला ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच बाळगतात. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारांना. आजोबांच्या वेळची बंदूक माळ्यावर सापडली, तर ती चालते का हे स्वतः पाहायला जाऊ नका. ती भरलेली असू शकते. तिला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.