'फास्ट' ह्या शब्दाची कुळकथा

बोरीवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ह्या आपल्या उपनगरांत असें घर विरळाच सांपडेल कीं, जेथें दिवसांतून एकदां तरी 'फास्ट' हा शब्द उच्चारला जात नाहीं. "सकाळची फास्ट चुकली," "फास्ट घाटकोपरला थांबते, विक्रोळीला नाहीं," अशीं वाक्यें इंग्रजीचें एक अक्षरहि न शिकलेल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं सहज येतात. शब्द परका खरा. परंतु 'गाडी'चें स्त्रीलिंग देऊन आपण त्यास घरांत घेतलें आहे. 'फास्ट आला' असें कोणी म्हणत नाहीं.

ह्या एकाच शब्दाची कुळकथा आज सांगावयाची आहे. प्रथम आपल्या घरचा अर्थ पाहूं. लोकल गाड्यांत फास्ट आणि स्लो असा जो भेद आहे, तो गाडीच्या शक्तीचा भेद नव्हे. डबे त्याच जातीचे, विजेचीं यंत्रेंहि तींच. फास्ट गाडी वाटेंतील कांहीं ठाणीं वगळते, तिच्यासाठीं निराळे रूळ राखलेले असतात, आणि न थांबल्यामुळें वांचलेला वेळ हाच मुख्यतः तिचा वेग. तेव्हां मुंबईच्या मराठींत 'फास्ट' ह्याचा अर्थ 'वेगवान' एवढाच न राहतां 'थोड्या ठिकाणीं थांबणारी' असा झाला आहे.

मौज अशी कीं, मूळ इंग्रजींत हा शब्द थांबण्याच्याच बाजूचा आहे. इंग्रजीच्या अगदीं जुन्या अवस्थेंत त्याचा अर्थ 'घट्ट, दृढ, न हलणारा' असा होता. जर्मन भाषेंत त्याचा भाऊ 'फेस्ट' आजहि ह्याच अर्थानें नांदतो.

मी इंग्रजी शिकवीत असतां एकदां वर्गांत भाषांतरास दोन वाक्यें आलीं. होडी काठाशीं 'फास्ट' केली, आणि मूल 'फास्ट' झोपलें होतें, अशा अर्थाचीं. एका मुलानें लिहिलें, 'होडी काठाकडे जलद केली.' दुसऱ्यानें लिहिलें, 'मूल जलद झोपलें होतें.' वर्ग हंसला. मुलें मंद नव्हतीं. त्यांच्या हातांतील मार्गदर्शकांत 'फास्ट म्हणजे जलद' एवढेंच छापलेलें होतें, आणि तें त्यांनीं इमानानें लावलें. अशा दोनचार फजित्या झाल्या म्हणजे मुलगा मनाशीं ठरवितो कीं, इंग्रजीला कांहीं धरबंध नाहीं आणि ती आपल्या वांट्याची नव्हे. पुढें आईबापहि धास्तावतात आणि इंग्रजी यावें म्हणून मूल मराठी शाळेंतून काढतात. असें झालेलें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. माझें मत ह्याच्या उलट आहे. हा शब्द उलगडण्यास मराठीसारखी किल्ली नाहीं.

पाहा, 'फास्ट फ्रेंड' म्हणजे धांवणारा मित्र नव्हे, पक्का मित्र. कापडाच्या दुकानांत 'फास्ट कलर' म्हणजे धुण्यानें न जाणारा पक्का रंग. आपला 'पक्का' हा शब्द दोन्हीं ठिकाणीं बसतो. झोपेचें म्हणाल तर आपण 'गाढ झोप' म्हणतों. हा 'गाढ' तरी कोण? 'गाह्' म्हणजे बुडी मारणें, ह्या संस्कृत धातूपासून तो निघाला, आणि खोल शिरलेला, दाट, घट्ट असे त्याचे अर्थ झाले. म्हणूनच गाढ आलिंगन आणि गाढ झोप हीं दोन्हीं शोभतात. इंग्रज मुलाची झोप 'घट्ट' असेल तर त्यांत आपल्याला हंसण्यासारखें काय आहे?

मग हा घट्ट बसलेला शब्द धांवूं कसा लागला? येथें आपला 'जोरांत' हा शब्द आठवावा. "दोरी जोरांत आवळ" म्हणजे घट्ट आवळ. "जोरांत पळ" म्हणजे वेगानें पळ. बळ एकच, दोरीवर लावलें तर घट्टपणा, पायांत घातलें तर वेग. इंग्रजींतहि प्रथम घट्ट, मग नेटानें, मग वेगानें अशी वाटचाल मध्ययुगांत झाली. घड्याळ पुढें गेलें तरी तें फास्टच. मुंबईकरांस हा अर्थ चांगला परिचयाचा होता. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटें पुढें होती, आणि शहरानें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. कोणाचें घड्याळ फास्ट, हा प्रश्न त्या काळीं केवळ शब्दार्थाचा नव्हता.

उपासासहि इंग्रजींत 'फास्ट'च म्हणतात, आणि सकाळच्या न्याहारीस 'ब्रेकफास्ट', म्हणजे रात्रीचा उपास मोडणें. रिकाम्या पोटाचा घट्टपणाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्यानें घरांतील बोलणें ऐकावें. "तिनें सोमवार धरला," "यंदा एकादशी धरली," आणि मग "उपास सोडला." आपण उपास धरतों आणि सोडतों. इंग्रजीच्या पूर्वज भाषांतहि ह्या क्रियापदाचा अर्थ 'धरून ठेवणें, पाळणें' असाच होता. नियम घट्ट धरला, म्हणून अन्न सुटलें. 'उपवास' ह्या आपल्या शब्दाचा धात्वर्थ निराळा, 'जवळ राहणें' असा आहे. परंतु त्याच्या जोडीस क्रियापद आपण धरण्याचेंच निवडलें. जर्मन भाषेंत मात्र 'फास्ट' उच्चारला कीं त्याचा अर्थ 'जवळजवळ' असा होतो. तिकडे आज वळावयास नको.

राहिला फलाटावर ऐकूं येणारा आपला 'जलद'. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास गेली, त्याच्या पुष्कळ आधींपासून हा शब्द मराठींत आहे. तो फारसींतून आला आणि फारसीनें तो अरबींतून घेतला. अरबींत 'जल्द' म्हणजे कणखर, चिवट, टिकाव धरणारा! फारसींत तोच चपळ झाला. इंग्रजांच्या 'फास्ट'नें जी वाट चोखाळली तीच ह्या शब्दानें, त्याच्याशीं कसलेंहि नातें नसतां, स्वतंत्रपणें चोखाळली. त्या मार्गदर्शकांतील 'फास्ट म्हणजे जलद' हें समीकरण म्हणूनच छापणाऱ्याच्या कल्पनेपेक्षां अधिक खरें आहे, फक्त त्याचा निम्मा भाग मुलांस कोणी सांगितला नाहीं.

संस्कृत शिकलेल्यास ह्या घोषणेंत आणखी एक 'जलद' ऐकूं येईल. जल देणारा, म्हणजे मेघ. तो उच्चारापुरता सारखा, कुळानें अगदीं वेगळा. तथापि पावसाळ्यांत दोघांची गांठ पडते. मेघ अनावर बरसला, शीव आणि कुर्ल्याजवळ रुळांवर पाणी चढलें, कीं भरधांव निघालेली गाडी जागच्या जागीं उभी राहते, आणि घटका दोन घटका खऱ्याखुऱ्या मूळ अर्थानें 'फास्ट' होते.