सामान्यांचे विमान

पहिल्या महायुद्धानंतर विमाने पुष्कळ झाली; परंतु त्यांचा खर्च सामान्य मनुष्यास पेलणारा नव्हता. इंग्रज अभियंता जेफ्री डी हॅविलंड यांनी ही अडचण दूर करण्याचे मनावर घेतले. युद्धातून उरलेल्या ८ सिलिंडरांच्या एंजिनाचे भाग घेऊन फ्रँक हॅलफर्ड यांनी त्यांच्यासाठी ४ सिलिंडरांचे, ६० अश्वशक्तीचे स्वस्त एंजिन सिद्ध केले. १९२५ साली दोन आसनांचे, लाकडी बांधणीचे ‘मॉथ’ आकाशात झेपावले.

मॉथ म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. त्या कीटकाप्रमाणेच या विमानाचे पंख मागे मिटत. म्हणून ते लहानशा जागेतही मावे. कचेरीत नोकरी करीत विमानविद्या शिकलेल्या ॲमी जॉन्सन हिने १९३० साली याच घराण्यातील एका जुन्या विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण केले. आकाशाची वाट सामान्यांनाही मोकळी आहे, हे जगाने पाहिले.